सोमल आणि मरण विसरलेल्या पेशी

एका वाचक भगिनीचें पत्र गेल्या पंधरवड्यांत आमच्याकडे आलें. त्यांच्या नात्यांतील एका एकवीस वर्षांच्या मुलीस रक्ताचा कर्करोग झाला असून मोठ्या रुग्णालयांतील डॉक्टरांनीं जीं औषधें योजिलीं, त्यांतील एकाचें नांव ऐकून घरांत मोठी खळबळ उडाली आहे. तें औषध म्हणजे आर्सेनिक ट्रायॉक्साइड, अर्थात् सोमल. मुलीच्या आजीबाई म्हणतात, "ज्या सोमलानें उंदीर मारावयाचे तो पोरीच्या शिरेंत घालावयाचा म्हणजे काय?" मुलीचे काका म्हणतात, सोमलच द्यावयाचा तर आपल्या ओळखीच्या वैद्यांचा मल्लसिंदूर काय वाईट? आणि पत्र लिहिणाऱ्या भगिनी विचारतात, यांत खरें कोणाचें धरावें? रुग्णालयांतील उपचार सुरू झालेले आहेत असेंही त्यांनीं कळविलें आहे, हें फार बरें झालें. या रोगांत विचार करीत बसावयास सवड नसते. ती कां नसते हें पुढें येईलच.

आम्ही डॉक्टर नव्हों, वैद्यही नव्हों. शब्दांचे अर्थ व समासांचे विग्रह सांगण्यांत आमचें आयुष्य गेलें. कोणीं कोणतें औषध घ्यावें हें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं आणि तो आम्ही घेणारही नाहीं. परंतु सोमलाचें औषध कसें झालें ही हकीकत छापून प्रसिद्ध झालेली आहे. आणि ती नीट समजली तर आजीबाईंच्या भीतीचें व काकांच्या प्रश्नाचें, दोहोंचेंही उत्तर तींत मिळतें. म्हणून या महिन्यांत आमचा योजलेला विषय बाजूस ठेवून हीच हकीकत सांगतों.

आरंभ मरणापासून केला पाहिजे. आपलें शरीर अगणित पेशींचें बनलेलें आहे हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. पण त्या पेशींपैकीं अब्जावधी रोज मरतात, आणि त्या मरतात म्हणूनच आपण जगतों, हें पुष्कळ शिकलेल्यांसही ठाऊक नसतें. रक्तांतील तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. जंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा जो मोठा वर्ग, त्याचें आयुष्य तर फारच थोड्या दिवसांचें. आईच्या पोटांत गर्भाचा हात प्रथम वल्ह्यासारखा सलग असतो. बोटांमधल्या पेशी ठरल्या वेळीं मरून जातात तेव्हां पांच बोटें सुटीं होतात. बेडकाच्या पिलाची शेपटी तुटून पडत नाहीं. तिच्या पेशी मरतात आणि ती आंतल्या आंत जिरते. हें मरण अपघाताचें नव्हे. भाजल्यानें किंवा चिरडल्यानें पेशी मरते तेव्हां ती फुगून फुटते व भोंवतालीं दाह होतो. हें दुसरें मरण गाजावाजा न करितां येतें. पेशी आक्रसते, तिच्या गाभ्यांतील सूत्रांचे बेताचे तुकडे होतात, तिच्या जणूं लहान लहान पुड्या बांधल्या जातात आणि आसपासच्या पेशी त्या गिळून टाकतात. मागें कांहीं उरत नाहीं.

१९७२ सालीं जॉन केर, अँड्र्यू वायली व अलेस्टर करी या तिघांनीं या मरणास 'अपॉप्टोसिस' असें नांव दिलें. तें सुचविलें मात्र ॲबर्डीन विद्यापीठांतील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनीं. झाडावरून पानें किंवा फुलावरून पाकळ्या गळणें, असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे. जुन्या भाषा शिकविणारांचा विज्ञानास कांहीं उपयोग नाहीं असें म्हणणारांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें! आपण मराठींत यास 'नियत मरण' म्हणूं.

नियत म्हणजे किती नियत? मातींत राहणारा, सुमारें एक मिलिमीटर लांबीचा एक कृमि आहे. शास्त्रज्ञ त्यास सी. एलेगन्स म्हणतात. त्याच्या वाढींत देहाच्या १०९० पेशी उत्पन्न होतात. त्यांपैकीं बरोबर १३१ मरतात आणि ९५९ राहतात. कोणती पेशी केव्हां मरणार हें प्रत्येक कृमींत तेंच. या मरणाची आज्ञा देणारीं जनुकें शोधून काढलीं गेलीं, आणि त्यांचे सगेसोयरे माणसाच्या शरीरांतही सांपडले. ब्रेनर, सल्स्टन व हॉर्व्हिट्झ या तिघांस या कामाबद्दल २००२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां इतक्या पेशी मरावयाच्या तर नव्या कोठून यावयाच्या? रक्तापुरतें बोलावयाचें तर त्या हाडांच्या पोकळींतील मगजांतून येतात. १९६१ सालीं कॅनडांत टोरोंटो येथें जेम्स टिल व अर्नेस्ट मॅक्कलॉक यांनीं उंदरांचा मगज किरणांनीं नष्ट करून त्यांस दुसऱ्या उंदरांचा मगज टोंचला. कांहीं दिवसांनीं त्या उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गांठी दिसूं लागल्या, आणि अशी एकेक गांठ एकाच पेशीपासून वाढली आहे असें पुढें सिद्ध झालें. ज्यांना डॉक्टर स्टेम सेल म्हणतात त्या या मूळपेशी. मूळपेशी दुभंगली म्हणजे तिची एक लेक आईसारखीच मूळ होऊन राहूं शकते; दुसरी मात्र शिकावयास निघते. ती पायरीपायरीनें तयार होते, रक्तांत उतरते, नेमलेलें काम करिते आणि नेमलेल्या दिवशीं मरते. गुरुगृहीं राहून विद्या पुरी झाली म्हणजे समावर्तन करून बाहेर पडावें, संसार करावा आणि काळ आला म्हणजे जावें, तशांतलाच हा क्रम आहे.

कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, एवढेंच आपण ऐकत आलों. तें अर्धेंच सत्य आहे. १९८८ सालीं मेलबर्न येथें डेव्हिड व्हॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें, कीं लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगांत जें जनुक बिघडलेलें असतें तें पेशींस वाढवीत नाहीं, तर मरूं देत नाहीं. मरणाचा विसर हेंही कर्करोगाचें एक लक्षण ठरलें. आमच्या भगिनींच्या घरांत जो रोग शिरला आहे त्यांत तर दोन विसर एकत्र आले आहेत: समावर्तनाचा आणि मरणाचा.

त्या रोगाचें पुरें नांव अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया असें आहे. पांढऱ्या पेशींच्या शिक्षणांत प्रोमायलोसाइट नांवाची एक मधली इयत्ता आहे. या रोगांत पेशी त्या इयत्तेपर्यंत येतात आणि तेथेंच बसतात. पुढें जात नाहींत, मरत नाहींत. मागून नव्या येतच राहतात. शाळा भरून जाते आणि गांवांत कामास मनुष्य मिळेनासा होतो. तशांत या अर्ध्याकच्च्या पेशींच्या पोटांत असे पदार्थ असतात कीं ते रक्तांत मिसळले म्हणजे रक्त गोठण्याची सारी व्यवस्था विस्कटते. १९५७ सालीं नॉर्वेचे लेइफ हिलेस्टाड यांनीं तीन रोग्यांवरून या रोगाचें वेगळें वर्णन केलें, तें भयंकर आहे: रक्तस्राव, आणि कांहीं आठवड्यांत मृत्यु. मागाहून आलेल्या तीव्र औषधांनीं कांहीं रोगी वांचूं लागले हें खरें. पण त्या औषधांनीं पेशी फुटतात आणि आंतले पदार्थ एकदम बाहेर येऊन रक्तस्राव अधिकच भडकतो, असा तो पेंच होता.

असें कां होतें याचा धागा १९७७ सालीं शिकागोच्या जॅनेट राउली यांस मिळाला. या रोग्यांच्या पेशींत पंधराव्या व सतराव्या गुणसूत्रांनीं आपापले तुकडे एकमेकांशीं बदललेले त्यांना दिसले. १९९० च्या सुमारास त्या सांध्यावर कोणतीं जनुकें आहेत हें उलगडलें. सतराव्यावरील जनुकाचें काम असें, कीं 'अ' जीवनसत्त्वापासून होणाऱ्या रेटिनोइक आम्लाची खूण मिळतांच पेशीस पुढच्या इयत्तेंत घालावें. या जनुकाचा तुकडा पंधराव्यावरील जनुकाच्या तुकड्यास चिकटला कीं दोन अर्धांचें मिळून एक विचित्र प्रथिन तयार होतें आणि तें पुढच्या इयत्तेच्या दारावर कुलूप होऊन बसतें. महाभारत वाचलेल्यांस जरासंधाची आठवण होईल. दोन शकलें जरा राक्षसीनें सांधलीं आणि त्या सांध्यांतून सर्वांस भारी होणारा पुरुष झाला. दृष्टांत फार ताणूं नये हें आम्हांस कळतें. पण या जरासंधाचीं दोन शकलेंच त्याच्या नाशाचीं ठिकाणें ठरलीं, हें पुढें दिसेल.

पहिलें शकल धरलें तें शांघायच्या वांग झेन-यी यांनीं. हे गृहस्थ तेथील रुइजिन रुग्णालयांत रक्तरोगांचे डॉक्टर. कर्कपेशीस ठार करण्याऐवजीं शिकवून मार्गास लावतां येईल काय, हा प्रश्न त्यांनीं वर्षानुवर्षें धरून ठेविला होता. अमेरिकेंत रेटिनोइक आम्लाचे प्रयोग काचेच्या बशींत यशस्वी झाले होते; पण तिकडे रोग्यांवर जो प्रकार वापरीत त्यानें मोठेसें यश येईना. शांघायमध्यें मिळत होता तो दुसरा प्रकार, ऑल-ट्रान्स नांवाचा. दोहोंत अणु तेच व तितकेच, फक्त एका ठिकाणचें वळण निराळें. 'नदी' व 'दीन' या दोन शब्दांत अक्षरें तींच आहेत, क्रम तेवढा फिरला. पण अर्थ कोठल्या कोठें गेला पाहा! १९८५ सालीं ज्या बालरुग्णालयांत वांग यांच्या पत्नी डॉक्टर होत्या तेथें एक पांच वर्षांची मुलगी या रोगानें मरणाच्या दारीं होती. वांग यांनीं तिला हें आम्ल पोटांत दिलें. ती उठून बसली, आणि पुढें मोठीही झाली. १९८८ सालीं त्यांच्या मंडळीनें २४ रोग्यांचा वृत्तांत छापला. चोवीसही जणांच्या रक्तांतून व मगजांतून रोग नाहींसा झाला होता. त्यांत एकासच थोडें दुसरें औषध द्यावें लागलें होतें. नव्हे, याहून नवल असें कीं पेशी मारल्याच गेल्या नव्हत्या. त्या इयत्ता चढून मोठ्या झाल्या आणि मोठ्या झाल्यावर आपापल्या काळानें मेल्या.

पण एकट्या या आम्लावर विसंबलेल्या बहुतेकांचा रोग कांहीं महिन्यांनीं परत येई. पानें गळलीं होतीं. मूळ जमिनींत होतें.

आतां सोमल. चीनच्या उत्तर टोंकास हार्बिन नांवाचें थंडीचें शहर आहे. तेथील वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयांतील मंडळींस १९७१ च्या सुमारास असें समजलें, कीं खेड्यांतला एक वैदू सोमल, पाऱ्याचा एक क्षार आणि भेकाचें विष असें तीन जिनसांचें औषध कर्करोगावर देतो. हान ताइ-युन या औषधकारानें त्याचें टोंचण्याजोगें औषध बनविलें, आणि झांग तिंग-दोंग व त्यांचे सोबती तें रोग्यांस देऊन पाहूं लागले. येथें त्यांनीं जें केलें त्याकडे काकांनीं विशेष लक्ष द्यावें. त्यांनीं तीन जिनसा वेगळ्या केल्या. पाऱ्यानें मूत्रपिंडास इजा होते, भेकाच्या विषानें रक्तदाब वाढतो, आणि गुण जो काय तो सोमलाचा आहे, असें त्यांस आढळलें. मग सोमल निराळ्या निराळ्या कर्करोगांवर देऊन पाहिला, आणि एकाच रोगांत तो खरोखर गुणकारी ठरला. तो हाच. १९९२ सालीं त्यांनीं ३२ रोग्यांचा वृत्तांत दिला; त्यांपैकीं २१ जणांचा रोग पूर्ण हटला होता. बाकीच्या अकरांचा हटला नाहीं, हेंही त्याच वृत्तांतावरून कळतें.

पुढें शांघायची मंडळी हार्बिनच्या मदतीस आली. १९९६ सालीं त्यांनीं दाखविलें, कीं सोमलाच्या स्पर्शानें या कर्कपेशी आक्रसतात, त्यांच्या सूत्रांचे बेताचे तुकडे होतात. म्हणजे वर सांगितलेलें पानगळीचें मरणच त्यांस येतें. मात्रा थोडी असेल तर त्या कांहींशा प्रौढही होतात. १९९७ सालीं रोग उलटलेल्या १५ जणांची हकीकत आली. त्यांत नुसत्या सोमलावर ठेवलेल्या १० पैकीं ९ जण रोगमुक्त झाले होते. १९९८ सालीं न्यूयॉर्क येथें १२ पैकीं ११. २००० सालीं अमेरिकेच्या सरकारी खात्यानें उलटलेल्या रोगासाठीं हें औषध मंजूर केलें. सोमल नेमकें काय करितो हें मात्र २०१० सालीं स्पष्ट झालें: त्या जोडप्रथिनाचें पंधराव्या गुणसूत्राकडचें जें शकल, त्यास तो प्रत्यक्ष चिकटतो. चिकटला कीं पेशी त्या प्रथिनावर टाकाऊ मालाची खूण करिते आणि मोडीत काढते. रेटिनोइक आम्ल एका शकलास धरतें, सोमल दुसऱ्या. आणि पुन्हां पुन्हां उगवणाऱ्या ज्या रोगी मूळपेशी, त्यांचा आधारच तें प्रथिन असल्यामुळें तें गेलें कीं मूळही जातें.

आपल्या देशाचा यांत वांटा आहे, आणि तो सन्मानाचा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत विक्रम मॅथ्यूज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९८ पासून २००४ पर्यंत ७२ नव्या रोग्यांस एकट्या सोमलावर ठेविलें. रोग उलटल्यावर नव्हे, प्रथमपासूनच. महागड्या उपचारांचा खर्च व त्यांच्या मागून येणाऱ्या जंतुबाधेचा खर्च आपल्याकडच्या पुष्कळ घरांस झेपत नाहीं, ही अडचण त्यांच्यापुढें होती. ७२ पैकीं ६२ जणांचा रोग हटला. हा वृत्तांत २००६ सालीं छापून आला. मग २०१३ सालीं इटली व जर्मनी येथील डॉक्टरांनीं फ्रान्सेस्को लो-कोको यांच्या पुढाकारानें मोठी तुलना केली. ज्यांचा रोग फार बळावलेला नव्हता अशा रोग्यांचे दोन गट चिठ्ठी टाकून पाडले. एकास आम्ल व नेहमींचीं तीव्र औषधें, दुसऱ्यास आम्ल व सोमल. दोन वर्षांनीं पहिल्या गटांतील शंभरांमागें ९१ जिवंत होते, दुसऱ्यांतील ९९. ज्या रोगांत माणूस आठवड्यांत जात असे त्याची ही आजची स्थिति आहे.

आजीबाईंस सांगावयाचें तें आम्हांस वाटतें असें सांगावें. रोज दिला जाणारा सोमल शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅमास सुमारें ०.१५ मिलिग्रॅम इतकाच असतो. पन्नास किलोच्या मुलीस साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे सोनाराच्या गुंजेचा जवळ जवळ सोळावा हिस्सा. तोही पुष्कळ द्रवांत मिसळून तास-दोन तास थेंबथेंब सोडतात. हृदयाची गति बिघडूं नये म्हणून हृदयाचा आलेख वारंवार काढतात आणि रक्तांतील क्षार मोजतात. आजीबाईंची भीति खोटी नाहीं. डॉक्टरांसही तीच आहे. त्यांनीं ती मोजून ठेविली आहे, एवढाच भेद.

काकांचा प्रश्न हलका नाहीं, आणि तो हंसून उडवूं नये. रसरत्नसमुच्चयांत गौरीपाषाण म्हणून जो साधारण रसांत गणला आहे तो सोमलच. हरताळ व मनशीळ हे त्याचेच भाऊबंद. तीक्ष्ण विषही युक्तीनें योजिलें तर औषध होतें, हा विचार चरकाचा आहे. यूरोपांतही थॉमस फाउलर यांनीं १७८६ सालीं सोमलाचें पाणी प्रसिद्ध केलें व तें शंभराहून अधिक वर्षें नाना रोगांवर दिलें जात होतें. तेव्हां आमच्या पूर्वजांस सोमल ठाऊक होता हें म्हणणें खरें आहे. त्यापुढें जाऊन 'म्हणून आमचा मल्लसिंदूर या रोगावर चालेल' असें म्हणतांना मात्र मधली सगळी वाट गाळली जाते. हार्बिनच्या खेड्यांतला वैदू आणि आपला वैद्य हे या ठिकाणीं एकाच पायरीवर उभे आहेत; त्या पायरीवरून औषध पुढें गेलें तें पारा काढून टाकल्यानें, प्रत्येक कुपींत तोच भाग ठेवल्यानें, आणि मेलेल्यांचीही संख्या लिहून ठेवल्यानें. मल्लसिंदुरांत पारा तसाच आहे. एका पुडींतला सोमल दुसरींत तितकाच असेल याची हमी कोणी देत नाहीं. या रोगाच्या किती जणांस तो दिला आणि किती वांचले, याची वही कोणीं ठेवल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. पोथींत आहे म्हणून मानणें हा आमच्या शास्त्रकारांचाही मार्ग नव्हता. त्यांनीं शोधन, मारण, मात्रा, अनुपान यांचा केवढा काथ्याकूट केला आहे! आणि एक गोष्ट विसरूं नये. फाउलरचें पाणी वर्षानुवर्षें घेणारांच्या कातडीवर डाग व पुढें कर्करोगही उद्भवले. बंगालमध्यें विहिरींच्या पाण्यांतून जो सोमल लोकांच्या पोटांत गेला त्याचीही तीच कथा. जो पदार्थ एक कर्करोग घालवितो तोच दुसरा आणतो.

त्याच पत्रांत भगिनींनीं जातां जातां विचारलें आहे, कीं मूळपेशी देऊन रोग बरा होत नाहीं काय? मगजाचें प्रत्यारोपण म्हणजे मूळपेशी देणेंच. त्या कामाबद्दल डॉनल थॉमस यांस १९९० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडे परळच्या टाटा रुग्णालयांत डॉ. सुरेश अडवाणी यांनीं १९८३ सालीं तें यशस्वी करून दाखविलें. पण या विशिष्ट रोगांत प्रथम त्याची गरज लागत नाहीं. रोग उलटला तरच विचार होतो. बाकी गुडघ्यापासून मेंदूपर्यंत सर्व कांहीं मूळपेशींनीं बरें करूं अशा जाहिराती दिसतात, त्यांवर एक पैही खर्च करूं नये. रक्ताच्या मूळपेशींचें प्रत्यारोपण व त्याचे ठरलेले रोग यांपलीकडे असा उपचार विकूं नये, असें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१७ च्या नियमांत स्पष्ट म्हटलें आहे.

आतां सवड कां नसते तें. या रोगांत आज जे मरतात त्यांतील पुष्कळ पहिल्या कांहीं दिवसांतच मरतात, आणि बहुधा मेंदूंतील रक्तस्रावानें. औषध लागू पडण्यापूर्वींच मृत्यु गांठतो. कांहीं लागल्याचें आठवत नसतां अंगावर काळेनिळे डाग उठणें, दांत घासतांना रक्त थांबेनासें होणें, नाकाचा घोळणा वारंवार फुटणें, मुलींस मासिक स्राव एकाएकीं अति होणें, यांकडे 'उष्णता वाढली' म्हणून दुर्लक्ष होतें. गुलकंद घेण्यास आमची हरकत नाहीं. पण त्याच दिवशीं रक्त तपासून घ्यावें. सूक्ष्मदर्शकाखालीं या रोगाचा नुसता संशय आला तरी जाणते डॉक्टर जनुकांच्या तपासणीची वाट न पाहतां रेटिनोइक आम्ल सुरू करितात.

उपचार सुरू झाल्यावरही पहिले कांहीं आठवडे डोळ्यांत तेल घालून बसावें लागतें. हजारों नव्हे, कोट्यवधि पेशी एकदम प्रौढ होऊं लागल्या म्हणजे ताप येतो, अंगावर सूज व वजन चढतें, श्वास लागतो. घरच्यांस वाटतें औषध बाधलें. एका अर्थीं तें लागू पडल्याचें चिन्ह असतें. पण हयगय केली तर प्राणावर बेततें. डेक्सामेथासोन नांवाचें औषध वेळेवर दिलें कीं बहुधा तें आटोक्यांत येतें. म्हणून रोगी रुग्णालयांतच पाहिजे, आणि श्वासाची तक्रार रात्रीं दोन वाजतां झाली तर दोन वाजतांच परिचारिकेस उठवावें. सकाळची वाट पाहूं नये.

काकांसाठीं आणखी एक वार्ता. चीनमध्यें मनशीळ व नीळ यांची तोंडानें घ्यावयाची गोळी करून २०१३ सालीं २४२ रोग्यांवर तिची शिरेंतील सोमलाशीं तुलना प्रसिद्ध झाली, आणि गोळी कांकणभरही कमी ठरली नाहीं. जुन्या पोथींतील मनशीळ अशा वाटेनें आली तर तिचें स्वागत कोणीही करील.

शेवटीं किती दिवस, हा प्रश्न. पहिला टप्पा रोग हटेपर्यंत रोजचा, सुमारें महिना-सव्वा महिन्याचा. त्यानंतर सोमल आठवड्यांतून पांच दिवस, चार आठवडे घ्यावयाचा आणि चार आठवडे बंद ठेवावयाचा, अशीं चार आवर्तनें. त्याबरोबर आम्लाच्या गोळ्या दोन आठवडे चालू, दोन आठवडे बंद. एकूण आठ-नऊ महिने जातात. या काळांत व डॉक्टर सांगतील तोंपर्यंत त्यापुढेंही गर्भ राहतां कामा नये; रेटिनोइक आम्लानें गर्भास व्यंग येतें. मुलगी एकवीस वर्षांची आहे व लग्नाचें बोलणें चालू आहे असें पत्रांत आहे, तेव्हां ही गोष्ट तिला स्वतःला स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे. ती आईनें सांगावी कीं रुग्णालयांतील डॉक्टरीणबाईंनीं, हें त्यांच्या घरानें ठरवावें.